विंचवाचं बिऱ्हाड आणि एक प्रेमकथा

मागच्या दिवाळीत ताईचा इंदूरहून फोन आला. मला वाटलं, अनारशांचं पीठ बिघडलं असेल. पण आवाज वेगळाच होता. "तू जरा हिला समजाव. तुझंच ऐकते ती."

'ही' म्हणजे माझी भाची. वय सव्वीस, गुरगावला चांगली नोकरी, आणि गेली तीन वर्षं रात्री जागून मोबाइलवरच्या एका कथांच्या अ‍ॅपवर मराठीत प्रेमकथा लिहिते. नवा भाग टाकला की सकाळपर्यंत 'पुढचा कधी?' म्हणून मुलींचे निरोप आलेले असतात. आता तिनं ठरवलं होतं की वर्षभर नोकरी सोडायची, पाठीवर सॅक टाकायची आणि फिरायचं. कारण विचारलं तर म्हणाली, "मावशी, माझ्या तीन कथांमधले हीरो-हिरॉइन एकाच कॅफेत भेटलेत. टेबलसुद्धा तेच. मी दुसरं काही बघितलेलंच नाही गं."

ताईचं म्हणणंही खोटं नव्हतं. स्थळं बघायला सुरुवात झालेली, आणि बायोडेटावर 'सध्या फिरतीवर' असं लिहायचं का?

मी दोघींनाही काही उपदेश केला नाही. कपाटाच्या वरच्या खणातून एक ठोकळ्यासारखं जाड पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि भाचीला कुरियर केलं. पुस्तकाचं नाव 'द फार पॅव्हिलियन्स', लेखिका एम. एम. के. साडेनऊशेच्या आसपास पानं. मी कॉलेजात असताना वाचलं होतं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि त्याचा परिणाम मार्कांवर दिसला होता. पाठवताना आत एक चिठ्ठी ठेवली: 'आधी हे वाच. मग या बाईनं कसं आयुष्य काढलं ते मी तुला सांगते.'

ते सांगायचं राहिलं ते राहिलंच, म्हणून मासिकासाठीच लिहून काढते आहे. तिच्या वयाच्या इतरांनाही उपयोग होईल.

मेरी मार्गरेट के, घरचं नाव मॉली. जन्म १९०८ चा, शिमल्यातला. वडील सर सेसिल के हिंदुस्थानी फौजेतले अधिकारी, पुढे सरकारच्या गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख झाले. आई चीनमध्ये वाढलेल्या मिशनरी कुटुंबातली. आजोबांचे चुलतभाऊ सर जॉन विल्यम के, म्हणजे ज्यांनी १८५७ चा इंग्रजांच्या बाजूचा जाडजूड इतिहास लिहिला तेच. म्हणजे घरात हिंदुस्थान होता तो असा, नोकरीचा आणि इतिहासाचा.

पण मॉलीचा हिंदुस्थान निराळा होता. तिला सांभाळायला आया होती, बागेत माळी होता, मागच्या अंगणात नोकरांची मुलं होती. ती इंग्रजीच्या आधी हिंदुस्थानी बोलायला शिकली. उन्हाळ्यात शिमला आणि हिवाळ्यात दिल्ली. तेव्हा अख्खं सरकारच दर वर्षी फायली, कारकून आणि कपाटं घेऊन डोंगर चढायचं आणि उतरायचं. मॉलीचं लहानपण त्या वर-खाली जाण्यात गेलं. फिरतीचं पहिलं शिक्षण हेच.

दहाव्या वर्षी तिला बोटीत बसवून विलायतेला बोर्डिंग शाळेत पाठवलं. तेव्हाच्या इंग्रज कुटुंबांची ती रीतच होती. मुलांना हिंदुस्थानची हवा आणि हिंदुस्थानी भाषा फार लागू द्यायची नाही. मोठ्यांच्या दृष्टीनं ती घरी, मायदेशी निघाली होती. तिच्या दृष्टीनं घर मागे राहिलं होतं. म्हातारपणी तिनं आत्मचरित्र लिहिलं, त्याचे तीन खंड झाले. पहिल्या खंडाचं नाव 'द सन इन द मॉर्निंग', १९९० साली आला, म्हणजे तिच्या वयाच्या ऐंशीनंतर. त्या पुस्तकात शिमला-दिल्लीची दहा वर्षं इतकी बारकाईनं आहेत की वाटतं, बाई रोज रात्री ती उजळणी करून झोपत असेल.

इथं मी भाचीला पहिली गोष्ट सांगणार होते. फिरल्यामुळे ती लेखिका झाली असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवल्यामुळे झाली. दोन्हींत फरक आहे.

वडील निवृत्त झाले होते, पण हिंदुस्थान सरकारनं त्यांना संस्थानांबरोबरच्या जुन्या करारांचा ग्रंथ नव्यानं सिद्ध करायला परत बोलावलं. त्यामुळे विशीच्या आत-बाहेर मॉली परत आली. मग सुरू झालं खरं भटकणं. दिल्ली, काश्मीरमधल्या हाउसबोटी, राजपुताना, मग आईच्या माहेरच्या ओढीनं चीन. १९३५ मध्ये वडील गेले आणि मॉलीला लंडनमध्ये पोटापाण्याला लागावं लागलं. चित्रकला शिकलेली होती. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायची, ग्रीटिंग कार्डं करायची. पैसे जेमतेम. करमणूक म्हणून कोपऱ्यावरच्या दोन पेनी भाड्याच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायची. एके दिवशी तिच्या मनात आलं, इतकं वाईट लिहून लोकांना पैसे मिळत असतील तर मला का मिळू नयेत?

हा विचार मला फार आवडतो. प्रेरणा वगैरे मोठे शब्द नाहीत, हिशेब आहे. पहिली रहस्यकथा विकली गेली आणि हातात ६४ पौंड आले. त्या पैशांचं तिनं काय केलं असेल? हिंदुस्थानचं बोटीचं तिकीट काढलं.

त्याच सुमाराला ती अंदमानात एका मैत्रिणीकडे राहिली होती. मैत्रिणीचे वडील तिथले चीफ कमिशनर, त्यामुळे मुक्काम रॉस बेटावर, सरकारी बंगल्यात. पोर्ट ब्लेअरला जाऊन आलेल्यांनी रॉस बेट पाहिलं असेल: विटांच्या भिंती, त्यांना गिळून बसलेल्या वडापिंपळाच्या मुळ्या आणि पायात येणारी हरणं. तेव्हा मात्र तिथं सगळा थाट होता. वादळ उठलं, बेटाचा बाकीच्या जगाशी संबंध तुटला, दिवे गेले. अंधारात दोघी मैत्रिणी अशा जागी खून करणं किती सोपं जाईल यावर बोलत बसल्या. पुढे त्याची कादंबरी झाली, ती आज 'डेथ इन द अंदमान्स' म्हणून मिळते. अशी जागा, अशी रात्र ठरवून मिळत नाही हे खरं. पण वादळात अडकलेल्या माणसांपैकी बहुतेक जण नुसते वैतागतात, हेही तेवढंच खरं.

आता प्रेमाचं. लेखाच्या नावात प्रेमकथा आहे आणि अजून प्रेमाचा पत्ता नाही, असं तुम्ही म्हणत असाल.

१९४१ चा जून महिना, दुसरं महायुद्ध चालू. मॉली बत्तीस वर्षांची, अविवाहित, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं लग्नाचं वय उलटून गेलेली. गॉफ हॅमिल्टन नावाचा लष्करी अधिकारी तिला भेटला. वायव्य सरहद्दीवरच्या 'गाइड्स' या नामांकित पलटणीतला. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पाच दिवसांत त्यानं लग्नाची मागणी घातली असं सांगतात. अडचण एकच: तो विवाहित होता, बायको आणि लहान मुलगी आयर्लंडमध्ये. घटस्फोट मिळायला १९४५ उजाडलं. लग्न झालं तेव्हा त्यांना एक मूल झालेलं होतं आणि दुसरं पोटात होतं.

मी हे जरा थांबून सांगते आहे, कारण आपल्या घरातल्या मोठ्यांना हे वाचताना खाकरावंसं वाटेल. तेव्हाच्या गोऱ्या समाजालाही तसंच वाटत असणार. क्लब, चहापार्ट्या, मेमसाहेबांच्या कुजबुजी, आणि त्यात ही चार वर्षं. आयर्लंडमधल्या त्या पहिल्या बायकोचं काय झालं असेल, हा प्रश्नही मला पडतो, आणि मॉलीच्या बाजूनं गोष्ट सांगताना तो गिळता येत नाही. पण तिच्या मोठ्या कादंबऱ्या नीट वाचल्या तर दिसतं, तिचे नायक-नायिका कधीच सरळ मोकळे नसतात. कुणी दुसऱ्याला शब्द दिलेला असतो, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. प्रेम जमलं, आता पुढे काय, इथून तिची गोष्ट चालू होते. हे ती कुठल्या बेटावर किंवा हाउसबोटीवर शिकली नाही.

१९४७ ला इंग्रज गेले. गाइड्स पलटण पाकिस्तानच्या वाट्याला गेली, गॉफ ब्रिटिश फौजेत गेला आणि बदल्या सुरू झाल्या. एकोणीस वर्षांत सत्तावीस वेळा घर बदललं. आकडा पुन्हा वाचा. बँकेत किंवा रेल्वेत नोकरी असलेल्या घरांतून वाढलेल्यांना कळेल. माझ्या वडिलांच्या पाच बदल्या झाल्या, तर आई आजही कपबशी दिसली की आधी ती कशात गुंडाळायची याचा विचार करते. आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मॉलीच्या पाठीवर दोन मुली, रंगांच्या पेट्या आणि टाइपरायटर असं बिऱ्हाड होतं.

या बदल्यांमधून तिच्या छोट्या कादंबऱ्या आल्या. काश्मीर, बर्लिन, सायप्रस, केनिया, झांझिबार. प्रत्येकीत एक खून, एक देखणा संशयित आणि एक तरुण मुलगी जी शेवटी बरोबर माणसाच्या प्रेमात पडते. साचा ठरलेला आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण जागा अस्सल आहेत. बर्लिनच्या कादंबरीत युद्धात पडलेल्या घरांचे ढिगारे आणि त्यांच्यामध्ये राहणारी इंग्रज लष्करी कुटुंबं आहेत. गुलमर्गच्या बर्फावर संध्याकाळी प्रकाश कसा निळा होतो हे चित्रकाराच्या डोळ्यानं पाहिलेलं आहे. भाचीला मी पुस्तकात खूण घालून हेच दाखवणार होते. जागेचं वर्णन म्हणजे हॉटेलचं नाव नव्हे. तिथं दार कुठल्या बाजूला उघडतं, अंधार किती वाजता पडतो आणि अंधार पडल्यावर कुठला आवाज येतो.

तिच्या लिहिण्याला वळण लावलं ते तिच्या एजंटानं. पुस्तकं प्रकाशकापर्यंत नेणारा हा एजंट होता पॉल स्कॉट, जो पुढे स्वतः हिंदुस्थानातल्या इंग्रजी राजवटीच्या अखेरीवर चार कादंबऱ्या लिहून प्रसिद्ध झाला आणि १९७७ चं बुकर पारितोषिकही त्याला मिळालं. त्यानं तिला सांगितलं, खून पुरे, हिंदुस्थानवर मोठं काही लिही. त्यातून १९५७ मध्ये, बंडाला शंभर वर्षं झाली त्या साली, 'शॅडो ऑफ द मून' आली. पार्श्वभूमी अवधची, १८५७ ची. प्रकाशकांनी तिला भरपूर कात्री लावली होती. ती भोकं १९७९ च्या आवृत्तीत भरून निघाली.

झांझिबारवरची 'ट्रेड विंड' १९६३ ची. ती मी भाचीला पाठवली नाही आणि पाठवणारही नाही. बेटाचं वर्णन अप्रतिम, गुलामांच्या व्यापाराची माहिती भरपूर, पण नायक नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढे ती त्याच्याच प्रेमात पडते. त्या काळच्या प्रेमकथांत हे चालून जायचं. आता चालू नये. ज्या बाईनं इतकं जग पाहिलं तिला हे दिसलं नाही, यानं मला पुस्तक वाचताना राग आला होता आणि अजूनही येतो.

मग 'द फार पॅव्हिलियन्स'. हे लिहायला तिला चौदा वर्षं लागली. मध्ये कॅन्सर झाला, उपचार झाले, ती वाचली आणि पुन्हा लिहायला बसली. १९७८ मध्ये पुस्तक आलं तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. लाखो प्रती गेल्या. सत्तावीस घरांनी जे दिलं नव्हतं ते या एका पुस्तकानं दिलं.

गोष्ट अशी. अ‍ॅश नावाचा इंग्रज मुलगा, आईबाप लहानपणीच गेलेले. सीता नावाची मोतद्दाराची बायको त्याला पदराखाली घेते. १८५७ ची धामधूम पेटते तेव्हा हा गोरा पोरगा जिवंत राहावा म्हणून ती त्याला अशोक म्हणून, स्वतःचा मुलगा म्हणून वाढवते. तो स्वतःला हिंदूच समजतो. हिमालयाच्या पायथ्याच्या एका संस्थानात तो युवराजाच्या चाकरीत राहतो आणि तिथं त्याची मैत्री होते राजाच्या दुर्लक्षित मुलीशी. तिचं नाव अंजुली, पण वाड्यात सगळे तिला म्हणतात कैरीबाई! म्हणजे न पिकलेला आंबा. इंग्रजी कादंबरीत पहिल्यांदा 'कैरी' वाचली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले होते. दोघं निरोप घेताना शिंपल्याच्या एका माशाचे दोन तुकडे करून एकेक जवळ ठेवतात. आपल्याकडच्या हिंदी सिनेमानं हे शंभर वेळा केलं आहे, तरी इथं ते लागतं.

अकराव्या वर्षी अशोकला कळतं की तो इंग्रज आहे. त्याला विलायतेला पाठवतात. दहा वर्षांची मॉली आणि अकरा वर्षांचा अशोक. आता तुमच्या लक्षात आलं असेल. स्वतःचं दुखणं तिनं जवळजवळ जसंच्या तसं नायकाला देऊन टाकलं. तो मोठा होऊन परत येतो, नवऱ्याच्या पलटणीत, म्हणजे गाइड्समध्येच, दाखल होतो. इंग्रजांना वाटतं हा पुरता आपला नाही, आणि देशी लोकांना तो साहेब वाटतो. पुढे त्याच्यावर काम येतं ते दोन राजकन्यांची वरात दूरच्या संस्थानात पोचवण्याचं. हत्ती, घोडे, तंबू, हजारो माणसं, महिनोन्‌महिने चालणारा मुक्कामामागून मुक्काम. दोन नवऱ्यामुलींपैकी एक कोण, ते सांगायला नकोच.

ही वरात म्हणजे पुस्तकाचं काळीज. ते चालतं शहर तंबू ठोकतं, उखडतं, भांडतं, आजारी पडतं. पाणी कुठं, चारा कुठं, स्वयंपाक कधी. आणि या गलबल्यात दोन माणसांना एकमेकांशी चार शब्द बोलायला जागा नाही. मग एक धुळीचं वादळ येतं आणि दोघं एका गुहेत अडकतात. अंदमानच्या वादळानं तिला खुनाची गोष्ट दिली होती. हे दुसरं वादळ, आणि या वेळी प्रेम. आयुष्यभर सामान बांधणाऱ्या बाईलाच असा मुक्काम लिहिता येईल, हे मात्र मला मान्य आहे.

आमच्या ग्वाल्हेरकरांना या भागाचं वेगळं अप्रूप वाटावं. आम्ही राहतो त्या भागाचं नाव लष्कर. बाहेरच्यांना वाटतं आमच्या घरात कुणी फौजेत आहे. १८१० च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, तंबूंच्या जागी हळूहळू घरं आली आणि मुक्काम हलायचा तो हललाच नाही. आपण सगळे एका न उठलेल्या छावणीतले. अशोकला लोक विचारतात तसं आपल्यालाही विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? पुण्याला गेलं की आपलं मराठी ऐकून 'तुम्ही बाहेरचे का?' आणि इथं आडनाव ऐकून तोच प्रश्न. भाचीनं तीनशेव्या पानाच्या आसपास मला निरोप पाठवला, 'मावशी, हा अशोक म्हणजे आपल्या मंडळातलाच कुणीतरी आहे.'

कादंबरीच्या उत्तरार्धात सती आहे. राणा मरतो, राण्यांनी सती जायचं ठरतं. सगळं सांगत नाही, पण अंजुलीला चितेपासून वाचवणं हा पुस्तकाचा सगळ्यांत थरारक भाग. वाचताना मला रणजित देसाईंची 'स्वामी' आठवत होती. आपल्यापैकी किती घरांत ती आहे! थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या, आणि वाचणारी प्रत्येक बाई रडली. मीही रडले. त्या रडण्यात रमाबाईंबद्दल आदर होता, पण तिला कुणीतरी थांबवावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. के बाईंची कादंबरी वाचताना पहिल्यांदा आलं. परक्या बाईनं आपल्या घरातल्या गोष्टीकडे पाहिलं तेव्हा मला ती दिसली, हे कबूल करायला जड जातं. उलट बाजूही आहे: सतीतून सोडवणारा गोरा नायक ही इंग्रजांची फार लाडकी गोष्ट, आणि ती त्यांनी स्वतःला पुन्हापुन्हा सांगून घेतली. मला दोन्ही वाटतात आणि त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही.

१९८४ मध्ये या पुस्तकावर टीव्ही मालिका निघाली. अंजुलीचं काम एका अमेरिकन नटीनं केलं, चेहऱ्याला गव्हाळ रंग फासून. सलमान रश्दींनी त्याच वर्षी एका निबंधात या मालिकेला आणि एकूणच इंग्रजी राज्याच्या त्या नव्या उमाळ्याला चांगलं फैलावर घेतलं. त्यांचा राग मला पटतो. मॉलीचं हिंदुस्थानावर प्रेम होतं यात शंका नाही, पण तिच्या भटकंतीत सामान बांधणारा, चहा आणणारा, तंबू ठोकणारा कुणीतरी नेहमी हजर असतो. तो संध्याकाळी कुठं जातो हे तिनं फारसं विचारलेलं नाही.

म्हणून भाचीला मी दुसरं पुस्तकही पाठवलं, पहिल्याच्या पाचव्या हिश्श्याइतकं: विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. कोकणातल्या वरसईचे हे भिक्षुक. घरात कर्ज, म्हणून मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असं ऐकून चुलत्यांबरोबर निघाले, आणि नेमके १८५७ मध्ये सापडले. ग्वाल्हेर केलं, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले, गंगेची कावड घेऊन घरी परतले. जी साल मॉलीनं इतिहासाच्या ग्रंथांवरून लिहिली ती या माणसानं पायांनी पाहिली. त्यात प्रेमकथा नाही. पण खजिना मिळेल म्हणून निघालेला माणूस काय काय पाहून येतो, ते आहे. सामान त्याचं त्यानं उचललं होतं.

मॉली के २००४ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये वारली, वय पंचाण्णव. मार्च २००६ मध्ये तिची राख उदयपूरला आणली आणि संध्याकाळी पिचोला तलावात, मधोमध नावेतून विसर्जित केली. अठ्ठाविसावं घर म्हणा.

भाचीचं काय झालं, ते सांगायला हवं. नोकरी तिनं सोडली नाही, बिनपगारी दोन महिन्यांची रजा काढली. मी तिला जा म्हटलं नाही आणि नको असंही नाही. त्या वयात मला पुण्याला एक काम मिळत होतं, आकाशवाणीवर, आणि घरी ते विचारण्याआधीच मी स्वतःच नको म्हटलं होतं. तेव्हा कुणाला काही सांगायचा मला अधिकार आहे असं वाटत नाही. ती झाशी, ओरछा करून पुढे कुमाऊंकडे गेली. बसमध्ये उलट्या झाल्या, एका गावात चार दिवस पावसानं रस्ता बंद, अंगात ताप, आणि घरमालकिणीनं हळद घातलेलं दूध पाजलं. तो सगळा भाग आता तिच्या नव्या कथेत आला आहे. कॅफे नाही. नायक अजून आलेला नाही, सहा भाग झाले तरी. वाचणाऱ्या मुली कुरकुर करताहेत, पण वाचताहेत.

ताई महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती. मी फूस लावली असं तिचं मत. परवा रात्री साडेदहाला फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "तो ठोकळा आहे ना, त्या इंग्रज बाईचा, तो आता हिच्याकडे पडूनच आहे म्हणे. मी मागवून घेतलाय. अक्षर फार बारीक आहे गं. कैरीबाई पुढे सुटते का, एवढं फक्त सांग."

मी सांगितलं नाही.